वाट कुणी कुणाला द्यायची?

आमच्या चंद्रपूरहून कुठल्याही दिशेने निघालं तरी समुद्र शेकडो किलोमीटर लांब. वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, ती सिरोंच्यापाशी गोदावरीला मिळते आणि आमचं सगळं पाणी पार बंगालच्या उपसागरात जातं. समुद्राशी आमचा संबंध एवढाच. तरीही गेले काही महिने मी जहाजांच्या टकरींबद्दल मिळेल ते वाचत सुटलोय. याला कारण माझा भाचा. तो व्यापारी जहाजावर आहे, आणि दिवाळीत घरी आला तेव्हा त्याला सगळ्यांनी विचारतात तोच प्रश्न मी विचारला, "वादळाची भीती नाही वाटत का रे?"

तो म्हणाला, "मामा, वादळ आधी कळते हो. आम्हाले भीती वाटते मासेमारी बोटींची. रात्री पहाऱ्यावर उभं रहा, समोर पन्नास दिवे. कोणता कुठे चालला काही समजत नाही."

मंडळी, हे ऐकून तुमच्या डोक्यात येईल तेच माझ्या डोक्यात आलं. दोनशे मीटरच्या जहाजाने एवढ्याशा होडीला घाबरायचं? पण तो घाबरतो ते स्वतःच्या जिवासाठी नाही. होडीतल्या माणसांच्या जिवासाठी, आणि नंतर होणाऱ्या चौकशीसाठी. कारण समुद्रावरचा कायदा बहुतेक वेळा त्या होडीच्या बाजूचा आहे.

आमच्याकडे जंगलातल्या गाडवाटेवर एक रीत होती. वाट एका गाडीपुरती, दोन्ही बाजूंना झाडोरा. समोरासमोर दोन बैलगाड्या आल्या की रिकाम्या गाडीने बाजूला व्हायचं आणि भरलेलीला जाऊ द्यायचं. मालगुजाराची गाडी असो की कोणाची. भरलेल्या गाडीला चाकोरीतून बाहेर काढणं अवघड, रिकामीला सोपं. म्हणून ज्याला वळता येतं त्याने वळावं. ही रीत कुणी कागदावर लिहिली नव्हती. समुद्रावर मात्र नेमकी हीच गोष्ट लिहून काढायला माणसाला बराच काळ लागला, आणि त्याचा इतिहास मोठा वाचण्यासारखा आहे.

शिडाच्या जहाजांच्या काळात वाट देण्याचे संकेत होते, पण ते वाऱ्यावर बेतलेले. वारा ज्याला अनुकूल त्याने बाजूला व्हायचं, असं ढोबळमानाने. मग आगबोटी आल्या. त्यांना वाऱ्याची पर्वा नव्हती. त्या वाऱ्याच्या तोंडावरही जायच्या, आणि वेगाने जायच्या. जुने संकेत एकदम अपुरे पडले. लंडनच्या ट्रिनिटी हाऊस या संस्थेने १८४० मध्ये आगबोटींसाठी नियम केले. समोरासमोर आलात तर दोघांनी आपापल्या उजवीकडे वळा, म्हणजे एकमेकांच्या डाव्या बाजूने निघून जाल. पुढे १८४८ च्या सुमारास ब्रिटिश आगबोटींना दिवे सक्तीचे झाले. डाव्या कुशीला लाल, उजव्या कुशीला हिरवा आणि डोलकाठीवर पांढरा. दहाएक वर्षांत हे रंगीत दिवे शिडाच्या जहाजांपर्यंतही पोचले.

या दोन रंगांत केवढी अक्कल आहे ते भाच्याने कागदावर काढून दाखवलं तेव्हा कळलं. काळोखात जहाज दिसत नाही, फक्त दिवा दिसतो. समोर लाल आणि हिरवा दोन्ही दिसले तर ते सरळ आपल्यावर येतंय. फक्त लाल दिसला तर त्याची डावी कूस आपल्याकडे आहे. आता नियम असा की दोन यांत्रिक जहाजांच्या वाटा एकमेकींना छेदत असतील, तर ज्याच्या उजव्या हाताला दुसरं जहाज आहे त्याने वाट द्यायची. आणि उजवीकडून आडव्या येणाऱ्या जहाजाचा आपल्याला दिसतो तो लाल दिवा! ज्याला वाट द्यायची त्याला लाल, ज्याला जायचा हक्क त्याला हिरवा. शहरातल्या चौकांत विजेचे सिग्नल येण्याच्या कितीतरी आधी समुद्रावर ही सोय होती.

१८६३ मध्ये ब्रिटन आणि फ्रान्सने मिळून नियमावली केली आणि १८६४ संपेपर्यंत तीसहून जास्त देशांनी ती मान्य केली. मग १८८९ ची वॉशिंग्टनची परिषद, १९१० ची ब्रुसेल्सची, अशा पायऱ्या चढत आजची नियमावली १९७२ मध्ये लंडनला ठरली आणि १५ जुलै १९७७ पासून लागू झाली. भारतीय जहाजंही तीच पाळतात. यंत्रं बदलली, झेंडे बदलले, साम्राज्यं गेली, पण लाल-हिरवा दिवा तोच आहे.

आता मासेमारीकडे येतो.

या नियमावलीत अठरावा नियम आहे. त्यात जहाजांची एक उतरंड लावून दिली आहे, पण ती आकाराची नाही आणि किमतीचीही नाही. ती आहे कोण किती जखडलेलं आहे याची. ज्याचं यंत्र किंवा सुकाणू बंद पडलंय त्याला सगळ्यांनी वाट द्यायची. कामामुळे ज्याला वळता येत नाही (समजा, समुद्राच्या तळाशी तारा टाकणारं जहाज) त्यालाही. त्यानंतर मासेमारी करणारी बोट, त्यानंतर शिडाचं जहाज, आणि शेवटी धडधाकट यंत्राचं जहाज. म्हणजे कंटेनरनी भरलेलं महाकाय जहाज या रांगेत शेवटचं आणि जाळं टाकून बसलेली कोळ्यांची होडी त्याच्या कितीतरी पुढे. कारण जाळं टाकल्यावर होडीचे हात बांधले जातात. रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचीच रीत ही.

अर्थात यात अटी आहेत. "मासेमारी करणारी" म्हणजे ज्या जाळ्यामुळे वळणं अवघड होतं असं जाळं पाण्यात असलेली बोट. जाळं आवरून घरी निघालेली बोट कायद्याच्या लेखी साधी यांत्रिक बोट, तिला हा मान नाही. शिवाय बंदरात शिरण्याच्या अरुंद वाटेवर आणि जहाजांसाठी आखून दिलेल्या मार्गांवर मासेमारी बोटीने मोठ्या जहाजाला अडवायचं नाही. रानवाटेवर बैलगाडीला मान, हमरस्त्यावर नाही, तसं काहीसं. आणि ओळख पटावी म्हणून खुणाही ठरलेल्या आहेत. तळ खरवडणारं जाळं ओढत असेल तर हिरव्याखाली पांढरा दिवा, इतर जाळी असतील तर लालखाली पांढरा. दिवसा टोकाला टोक लावलेले दोन शंकू टांगायचे. म्हणजे चक्क डमरू! मार्कंड्याच्या जत्रेला जाणाऱ्या आम्हा लोकांना ही खूण लगेच लक्षात राहील. :)

टक्कर होणार की नाही हे ओळखण्याची रीतही नियमातच आहे, आणि ती कुणालाही समजेल अशी आहे. समोरच्या जहाजाची होकायंत्रावरची दिशा पाहत राहायची. दिशा सरकत असेल तर ते पुढून किंवा मागून निघून जाईल. दिशा तीच राहिली आणि अंतर मात्र घटत चाललं, तर टक्कर ठरलेली. मग वेळेवर आणि ठळक वळायचं, समोरच्याला कळेल असं. थोडं थोडं वळत राहणं सगळ्यांत वाईट. शंका आली तर भोंग्याचे निदान पाच आखूड आवाज द्यायचे. आणि ज्याला वाट मिळायची आहे त्याने आपली दिशा आणि वेग तसाच ठेवायचा, पण दुसरा काहीच करत नाही असं दिसलं तर स्वतः वळायचं. हक्क आहे म्हणून मरायचं नाही.

एवढं सगळं छान असताना टकरी होतात कशा?

पहिली गोष्ट म्हणजे दिसण्याची. जहाज चालवणारा बसतो मागच्या टोकाला उंचावर, आणि पुढे कंटेनरच्या राशी. नाकासमोरचं पाणी त्याला दिसतच नाही. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे हा न दिसणारा पट्टा जहाजाच्या दुप्पट लांबीपेक्षा किंवा पाचशे मीटरपेक्षा (यातलं जे कमी असेल त्यापेक्षा) मोठा असू नये. म्हणजे पाचशे मीटरपर्यंतचं आंधळेपण कायद्याला मान्य आहे. ताशी चौदा सागरी मैल, म्हणजे सव्वीस किलोमीटरच्या आसपास, हा जहाजाचा काही फार वेग नव्हे. त्या वेगाने हे पाचशे मीटर साधारण सत्तर सेकंदांत संपतात. आणि भरलेलं मोठं जहाज थांबायला काही किलोमीटर लागतात. लाकडाची किंवा फायबरची होडी रडारवर नीट उमटत नाही. पावसाळी लाटांच्या गर्दीत तर तिचा ठिपका हरवूनच जातो. शिवाय मासे काढताना बोटीवर लावलेल्या झगझगीत दिव्यांपुढे तो नेमका लाल-पांढरा दिवा दिसेनासा होतो. भाचा म्हणतो ते पन्नास दिवे हेच.

दुसऱ्या बाजूनेही बघा. वसई-डहाणूकडचे कोळी डोलीचं जाळं लावतात, बोंबलासाठी. हे जाळं ओढायचं नसतं. समुद्राच्या तळाशी ते बांधून ठेवतात आणि भरती-ओहोटीचा ओढ मासे आत आणतो. म्हणजे जाळं शेतासारखं एका जागी. त्यावरून जहाज गेलं की ते फाटतं, आणि त्यासोबत घरातले पैसे जातात. म्हणून जहाज जाळ्याकडे येताना दिसलं की तांडेल होडी घेऊन त्याच्या दिशेने जातो, हातवारे करतो, बॅटरी दाखवतो. त्याला सांगायचं असतं, "बाबा, जरा बाजूने जा." जहाजावरून मात्र एवढंच दिसतं की एक होडी वेगाने आपल्यावर चालून येतेय.

या गैरसमजाची किंमत लोकांनी मोजली आहे. ऑक्टोबर १९०४ मध्ये जपानशी लढायला निघालेल्या रशियन आरमाराला उत्तर समुद्रात डॉगर बँकेवर रात्री होड्या दिसल्या. जपानी पाणतीर-नौका समजून त्यांनी तोफा डागल्या. त्या होत्या इंग्लंडमधल्या हल बंदराच्या मासेमारी बोटी. दोन कोळी जागीच मेले. ही जुनी गोष्ट म्हणावी, तर १५ फेब्रुवारी २०१२ ला केरळच्या किनाऱ्याजवळ 'एनरिका लेक्सी' या इटालियन तेलवाहू जहाजावरच्या नौसैनिकांनी एका मासेमारी बोटीवर गोळ्या झाडल्या, चाचे समजून. दोन मच्छीमार ठार झाले. खटला भारतातून आंतरराष्ट्रीय लवादापर्यंत गेला आणि २०२१ मध्ये दहा कोटी रुपयांची भरपाई जमा झाल्यावर सर्वोच्च न्यायालयाने इथलं प्रकरण संपवलं. दिसणं म्हणजे ओळखलं जाणं नव्हे, एवढं यावरून कळतं.

त्याच घटनेनंतर पंधरा दिवसांनी, १ मार्च २०१२ ला, 'प्रभू दया' या मालवाहू जहाजाने अलप्पुळाजवळ एका बोटीला धडक दिली आणि पाच मच्छीमार गेले. ११ जून २०१७ ला कोचीजवळ 'अंबर एल' या पनामाचा झेंडा लावलेल्या जहाजाने 'कार्मेल माता' या बोटीला उडवलं. पहाटेची वेळ, बोट नांगरलेली आणि माणसं झोपलेली. अशा वेळी हक्क कुणाचा हा प्रश्न न्यायालयात उपयोगाचा, पाण्यात नाही.

आणि दिसलं, ओळखलं, सगळी यंत्रं हाताशी असली म्हणजे भागतं असंही नाही. ७ ऑगस्ट २०१० ला सकाळी, मुंबई बंदराच्या तोंडाशी 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया-३' ही दोन मोठी जहाजं एकमेकांवर आदळली. एक न्हावा-शेव्याहून बाहेर पडत होतं, दुसरं आत येत होतं. 'चित्रा' कलंडलं, कंटेनर समुद्रात पडले, तेल पसरलं. बंदराची वाट काही दिवस बंद राहिली. दोन्ही जहाजं मोठी, आणि मासे विकले जाईनात म्हणून हात चोळत बसला तो मुंबई-रायगडचा कोळी, ज्याचा त्या टकरीशी काही संबंध नव्हता.

हे सगळं वाचताना माझ्या लक्षात येत गेलेली गोष्ट अशी. नियम लहानाच्या बाजूचा आहे खरा, पण तो उभा आहे मोठ्याच्या नजरेवर. आणि दीडशे-पावणेदोनशे वर्षांत ती नजर सुधारण्याचं ओझं हळूहळू लहानाकडे सरकलं आहे. आधी म्हटलं दिवा लाव. मग रडारवर उमटेल असा धातूचा परावर्तक टांग. मग आली स्वयंचलित ओळखयंत्रं. ती आपलं नाव, जागा, दिशा आणि वेग रेडिओवरून सतत सांगत राहतात. आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या तीनशे टनांवरच्या जहाजांना ती २००४ अखेरपर्यंत सक्तीची झाली. लहान होड्या त्यात नव्हत्या. आपल्याकडे त्यांच्याकडे लक्ष गेलं ते २६ नोव्हेंबर २००८ नंतर, कारण दहशतवादी 'कुबेर' ही मासेमारी बोट बळकावून मुंबईकडे आले होते. मग नोंदणी, ओळखपत्रं, बोटींचे ठरावीक रंग, वीस मीटरवरच्या बोटींना ओळखयंत्र. म्हणजे होडी दिसायला हवी असं सरकारला प्रकर्षाने वाटलं ते ती चिरडली जाऊ नये म्हणून नव्हे, तर तिच्यात कोण बसलंय याची धास्ती वाटली म्हणून. सुरक्षेचा तो विचार चूक होता असं मी म्हणत नाही. क्रम तेवढा लक्षात ठेवावा.

३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते दोन गोष्टी एकाच कार्यक्रमात झाल्या. वाढवण बंदराची पायाभरणी, सुमारे ७६ हजार कोटींच्या प्रकल्पाची. आणि देशभरातल्या एक लाख मासेमारी बोटींवर देशी बनावटीचे ट्रान्सपॉन्डर बसवण्याच्या योजनेचा आरंभ. बंदराला तिथले मच्छीमार वर्षानुवर्षं विरोध करत आले आहेत. आता ज्या पाण्यात त्यांची जाळी आहेत तिथे जगातली मोठ्यातली मोठी जहाजं येणार. ट्रान्सपॉन्डर चांगलाच आहे. संकटात निरोप पाठवता येतो, वादळाची सूचना मिळते, सरहद्द जवळ आली की कळतं. पण हे यंत्र उपग्रहामार्फत बोलतं ते किनाऱ्यावरच्या केंद्राशी. शेजारून जाणाऱ्या जहाजाच्या पडद्यावर ठिपका उमटवणं हे त्याचं मुख्य काम नाही. तिथे अजूनही एका जागत्या माणसाची गरज आहे. नियमावलीतला पाचवा नियम तेच सांगतो. डोळ्यांनी, कानांनी आणि हाताशी असेल त्या प्रत्येक साधनाने सतत पहारा ठेवा. सगळ्या नियमांत मला हा सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि त्यात कुठल्याही यंत्राचं नाव नाही.

तुम्ही म्हणाल, चंद्रपूरच्या माणसाला हे कशाला? तर आमच्या नद्यांवरही आगबोटी यायच्या होत्या! एकोणिसाव्या शतकात आर्थर कॉटन यांच्या प्रेरणेने गोदावरी-प्राणहिता-वर्धा हा जलमार्ग करून वऱ्हाड-चांद्याकडचा कापूस समुद्रापर्यंत न्यायचा घाट घातला गेला. सिरोंचा त्या मुलखाचं ठाणं होतं. नदीतल्या खडकांच्या अडसरांवर बरंच काम झालं आणि १८७१ मध्ये ते सोडून दिलं गेलं. पुढे आली ती रेल्वे. गंमत म्हणजे २०१६ च्या कायद्याने वैनगंगा-प्राणहिता पुन्हा कागदावर राष्ट्रीय जलमार्ग झाली आहे, क्रमांक १०९. तिथे अजून ढिवरांचे डोंगेच चालतात, आणि डोंगा डोंग्याला सहज वाट देतो.

आमची टक्कर पाण्यात नाही, रस्त्यावर आहे. सुरजागडचं लोहखनिज घेऊन आलापल्ली-आष्टीच्या रस्त्याने अवजड ट्रक रात्रंदिवस धावतात. त्याच रस्त्यावर शाळेच्या सायकली, बाजाराला निघालेल्या दुचाकी आणि धानाच्या बैलगाड्या. अपघात झाले, माणसं गेली, लोकांनी रस्ते रोखले. त्यावर बैलगाडीच्या मागे लाल रेडियमची पट्टी लावा, असं सांगितलं जातं. लावावीच, जीव वाचतो. पण समुद्रावरच्या लोकांनी निदान कागदावर तरी एक गोष्ट आधी लिहून ठेवली, की ज्याला वळता येतं, थांबता येतं, त्याच्यावर पहिली जबाबदारी. जमिनीवर आपण लहानाने दिसायचं कसं तेवढंच शिकवतोय.

कोकणातली, वसई-पालघरकडची कुणी मंडळी हे वाचत असतील तर त्यांनी डोलीबद्दल आणि जहाजांबद्दल जरूर लिहावं. भाचा आता पुन्हा समुद्रावर आहे. त्याच्या आईसाठी सांगतो, ताई, त्याचा पहारा पहाटे चार ते आठ असतो, आणि तो जागा असतो.